वाटीभर पाण्याचे पाहुणे

३ ऑगस्ट, सकाळ

आजपासून रोजनिशी नियमित. यावेळी खंड पडणार नाही, कारण यावेळी लिहिण्यासारखं आहे. काल गल्लीच्या पाणी समितीचा अध्यक्ष झालो. एकमताने. (चष्मेवाल्यांना दुकान सोडवत नाही आणि बाकीचे उठून चालले होते. पण एकमत ते एकमत.)

जबाबदारी मोठी आहे. सलग दुसरं वर्ष पाऊस नाही. गल्लीच्या टोकाला सगळ्या घरांची मिळून एक टाकी. पहाटे भरते, पूर्वी दुसऱ्या पहाटेपर्यंत पुरायची. आता दुपारी तळ दिसतो. चष्मेवाले म्हणाले, कुठेतरी गळती असेल. मी म्हणालो, गळती नाही, चोरी. सगळी नोकरी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करण्यात गेली. कॉपी करणारा मी पाठमोरा ओळखतो.

संकल्प: पाणीचोर पकडणे. रोज व्यायाम. चहात साखर नाही.

ता. क. परसात पक्ष्यांसाठी वाटीभर पाणी ठेवलं. ही म्हणाली, ती वाटी रोजच्या वापरातली आहे, दुसरी घ्या. एवढ्या मोठ्या कामात माणसं वाटीवर अडतात.

५ ऑगस्ट

वाटीजवळ बेडूक! चांगला जाडजूड, पोट सुटलेला, तोंडावर कायम नाराजी. गल्लीत गेल्या पावसाळ्यापासून कुणी बेडूक पाहिलेला नाही. त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. माझे एक हेडमास्तर असेच बसायचे, न बोलता, समोरच्याची चूक शोधत.

एका वाटीचा हा प्रताप. माणसाने मन मोठं ठेवलं की निसर्ग दाद देतो.

संध्याकाळी चष्मेवाले आले. म्हणाले, प्रत्येक घराची लाइन उकरून तपासू, सुरुवात तुमच्यापासून करू म्हणजे कुणी बोलायला नको. मी त्यांना शांतपणे सांगितलं की माझ्या परसातला नळ मी स्वतः जोडला आहे, गेल्या हिवाळ्यात, टाकीच्या लाइनवरून थेट. प्लंबर आणला असता तर दिवसभर ठोकाठोक चालली असती. मी दुपारच्या झोपेआधी काम संपवून वर माती लोटली होती. ते काहीतरी बोलणार होते, पण मी चहा मागवला.

व्यायाम उद्यापासून. चहात अर्धा चमचा.

८ ऑगस्ट

संशयित सापडला. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर, म्हणजे लाँड्रीवाल्या बाई. हॉस्पिटलच्या चादरी धुतात. घरात एकट्या. मुलगी लांबच्या गावी नर्सिंग शिकते, तिचं सगळं या चादरींवर चालतं. आता दिवसभर चादरी धुणारं घर गल्लीत असताना टाकी आटत असेल तर पाणी कुठे मुरतंय हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

रीतसर तपासणीला गेलो. बाईंनी सगळं दाखवलं. शेवटी चादरी खळबळलेलं पाणी पिंपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला तेच वापरतात. त्यांच्या परसात जमीन इतकी कोरडी की भेगांत बोट जाईल. इथेच माझी शंका पक्की झाली. एवढं धुणं आणि मागे थेंब नाही? ज्या मुलाचं बाक फार स्वच्छ असायचं त्याचे खिसे मी आधी तपासायचो.

बाईंनी चहा दिला. अर्धा कप. म्हणाल्या, रागावू नका सर, सध्या सगळंच अर्धं. चहा घेतला. पण मी त्याने विरघळणारा नाही.

११ ऑगस्ट

परसात आता गोगलगाई आल्या आहेत. भिंतीच्या कडेला दूर्वेसारखं बारीक गवत. विटा उचलल्या तर खाली गांडुळं, तीही खाऊन-पिऊन सुखी दिसणारी. दुपारी एक चतुर वाटीच्या काठावर बसून गेला. साऱ्या गल्लीत धूळ आणि माझ्याकडे नंदनवन.

ही म्हणाली, परसात ओल कशी आली? मी म्हणालो, दव. ती म्हणाली, फक्त आपल्याच परसात? मी म्हणालो, निसर्गाला माणूस कळतो. ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला माझं कौतुक शब्दांत करता येत नाही.

एक चिंता. परसात खुर्ची टाकून बसलो की तिचे पाय मातीत जातात. आज तर मागचे दोन इतके गेले की मी आभाळाकडे तोंड करून पडलो. वजन वाढलं असणार. उद्यापासून संध्याकाळची बिस्किटं बंद.

१२ ऑगस्ट

बिस्किटं दोनच.

१४ ऑगस्ट

पाऊस येणार! आज सकाळी मुंग्यांची रांग भिंतीवर चढताना पाहिली, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. जमिनीखालचं बिऱ्हाड सगळंच्या सगळं वर हलवत होत्या. हे लक्षण कधी चुकत नाही. टाकीवर स्वतःच्या हाताने पाटी लावली: ‘दोन दिवसांत पाऊस. घाबरू नये. – अध्यक्ष’

चष्मेवाले टँकरसाठी अर्ज घेऊन सहीला आले होते. मी म्हणालो, मुंग्यांना विचारा. ते अर्ज घेऊन परत गेले.

१६ ऑगस्ट

पाऊस नाही. ढगसुद्धा नाही. पाटीखाली कुणीतरी खडूने लिहिलंय: ‘कोणत्या सालचा?’ अक्षर बारकाईने पाहिलं. आयुष्यभर अक्षरं ओळखत आलो. हे हिच्या अक्षराच्या फार जवळ जातं. पुराव्याअभावी प्रकरण बंद केलं.

१७ ऑगस्ट

आज नळांना सकाळीच हवा आली. टाकीखाली बादल्यांची रांग लागली आणि रांगेत ढकलाढकली झाली. एका म्हाताऱ्या आजोबांची घागर भरलेली सांडली आणि ते तसेच रिकामी घागर धरून उभे राहिले. मग सगळे माझ्यावर घसरले. अध्यक्ष काय करतोय? चोर कोण? नाव सांगा.

मी म्हणालो, नाव रविवारी बैठकीत. एवढंच म्हणालो. पण म्हणताना माझी नजर थोडी डावीकडे गेली असावी, कारण सगळ्यांच्या नजरा डावीकडे गेल्या. तिथे बाई बादली घेऊन उभ्या होत्या. रांगेत त्यांच्या पुढची बाई जरा सरकून उभी राहिली, मागचीही सरकली.

मी नाव घेतलेलं नाही, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

१९ ऑगस्ट, दुपार

परसात आवाज येतो. बारीक, एकसुरी, सूं असा. रातकिडा असावा. ही म्हणाली, भरदुपारी? मी म्हणालो, दुष्काळात त्यांच्याही वेळा बदलतात.

ती आत गेल्यावर मी जरा वाकून पाहिलं. आवाज नळाच्या बाजूने येतो. तिथे सहज एक काठी टेकवली. काठी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर चिखलाने माखलेली, गार.

भूजल. जमिनीखालचं पाणी वर येतंय. पावसाचं याहून मोठं लक्षण नाही.

त्या जागेवर मोठी कुंडी ओढून ठेवली. तिथे शोभते.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ

हिने कुंडी पाहिली. म्हणाली, काखेत कळसा. पुढचं म्हणालीच नाही. मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता प्लंबरला बोलवा. मी तिला समजावलं की उद्या बैठक आहे. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षाच्या घरात प्लंबर शिरताना दिसला तर लोक काय अर्थ काढतील? पाण्याचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. बैठक झाली की लगेच बोलावतो. तशी गरज नाही, पण तिच्या समाधानासाठी.

ती म्हणाली, उद्या त्या बाईचं पाणी तोडणार आहात तुम्ही. मी म्हणालो, मी नाही, समिती. ती म्हणाली, तिची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. मी म्हणालो, मला माहीत आहे. आवाज थोडा चढला माझा.

जेवण गेलं नाही. हेडमास्तर कुंडीला टेकून बसला होता. त्याच्या बघण्याची पद्धत मला आवडत नाही.

२० ऑगस्ट

बैठक झाली. सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणी विचारलं तर.

गल्ली पूर्ण आली होती. मी प्रास्ताविक केलं. मग बाई उभ्या राहिल्या. कागदबिगद काही नाही, हात ओढणीला पुसत बोलल्या. म्हणाल्या, कनेक्शन तोडलं तर हॉस्पिटल थांबणार नाही, चादरी दुसऱ्याकडे जातील आणि गेलेलं काम परत येत नाही. म्हणाल्या, मी चोर असेन तर तोडा, पण आधी सगळ्यांच्या लाइन उकरून बघा, माझी पहिली उकरा. चष्मेवाले म्हणाले, बरोबर आहे, उद्याच उकरू. काही जण ओरडले, उकरण्यात आठवडा जाईल, आमची पोरं तहानलेली आहेत, आजच तोडा.

हात मोजले. समसमान. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उभा राहिलो. खरं तर मी असं म्हणणार होतो की एकदा सगळं तपासून घ्यायला हरकत नाही. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण तपासायचं म्हणजे सुरुवात अध्यक्षाच्या घरापासून, हे चष्मेवाल्यांनी पुन्हा मोठ्याने म्हटलं, आणि माझा घसा एकदम कोरडा पडला. पाणी मागितलं. नव्हतं.

मग मी हात वर केला. तोडण्याच्या बाजूने. खांदा फार दुखला. व्यायामाचा अभाव.

ही सर्वात मागे बसली होती. घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती, नेहमीपेक्षा वेगात.

२१ ऑगस्ट

सकाळी बाईंची लाइन टोपण लावून बंद केली. त्या दारात उभ्या होत्या. काम करणाऱ्याला म्हणाल्या, पायाखाली बघा, तिथे निसरडं आहे.

टाकी दुपारी आटली. नेहमीसारखी. माझं स्पष्टीकरण असं की चोरी इतकी जुनी होती की फरक दिसायला वेळ लागेल.

दुपारी झोप नाही. भिंतीपलीकडच्या मशीनच्या घरघरीने झोप लागत नाही अशी माझी वर्षानुवर्षं तक्रार होती. आज घरघर नाही, तरी नाही लागली.

ही आपल्या वाट्याची एक बादली त्यांच्याकडे देऊन आली. मी म्हणालो, अध्यक्षाच्या घरून असं बरं दिसत नाही. त्यावर ती जे म्हणाली ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही.

प्लंबर: उद्या. आज दिवस चांगला वाटत नाही.

२३ ऑगस्ट

हॉस्पिटलची गाडी आली. मी योगायोगाने खिडकीत होतो. न धुतलेल्या चादरींचे गठ्ठे बाईंनी स्वतः उचलून गाडीत चढवले. शेवटच्या गठ्ठ्यातून एक चादर सुटून रस्त्यावर घासली, ती त्यांनी उचलली, झटकली, घडी केली आणि मग दिली. मळकीच होती ती, कुठेतरी दुसरीकडे धुतली जाणार होती. तरी घडी केली.

गाडी गेल्यावरही त्या बराच वेळ रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. मी खिडकीतून हललो नाही. हलता येईना.

संकल्प. हा खरा. उद्या पहाटे कुंडी हलवून मी स्वतः उकरणार. कुणाला न सांगता दुरुस्त करायचं, टाकी टिकायला लागली की बाईंचं कनेक्शन मोठ्या मनाने परत द्यायचं. हॉस्पिटललाही पत्र लिहीन, अध्यक्ष या नात्याने. सगळं जागच्या जागी.

पाना सापडला नाही. मनापासून शोधला.

२४ ऑगस्ट, सकाळ

पाना चहाच्या कपाशेजारी ठेवलेला होता. शेजारी फावडं भिंतीला टेकवून. ही स्वयंपाकघरात पाठमोरी.

परसात गेलो. कुंडीला हात घातला आणि वर पाहिलं. आभाळ काळंभोर! वारा थांबलेला. अशा हवेत खोदकाम करणं योग्य नाही. जरा वाट पाहतो.

२४ ऑगस्ट, नंतर

क्रमाने लिहितो.

पाऊस आला. आधी मोठे थेंब, मोजता येतील असे, धुळीत टपटप. मग एकदम कोसळला. मी असा पाऊस विसरलो होतो. मातीचा वास नाकात गेला आणि, खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. सगळी गल्ली रस्त्यावर. ताटं, टब, पातेली, जे मिळेल ते बाहेर मांडलेलं. ते घागरवाले आजोबा तोंड वर करून उभे होते, चष्मा भिजतोय याचीही शुद्ध नाही. लाँड्रीवाल्या बाई मोठा टब लोटत बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. त्यांना हसताना पाहून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मला वाटलं, मिटलं. पाऊस आला म्हणजे सगळ्यांचं सगळं मिटलं.

आणि मग मी ओरडलो की मी सांगितलं होतं! पाटी लावली होती! मुंग्या, गोगलगाई, बेडूक, सगळे पुरावे माझ्या परसात आहेत, या, डोळ्यांनी बघा. ही दारातून जोरजोरात मान हलवत होती, नको नको. मला वाटलं, पायपुसण्याची काळजी.

लोक खुशीत होते, आले. अख्खी गल्ली परसात. बाईही आल्या, टब दाराशी ठेवून. मी कुंडीशेजारी उभा राहून हेडमास्तरकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, या मुक्या जीवाला जे कळलं ते…

तेवढ्यात कुंडी गेली. होती आणि नव्हती. मागोमाग मी. कमरेपर्यंत. जमीन आतून पोकळ झाली होती, इतके दिवस पाणी तिला खात होतं. कुंडी पाइपवर आदळली, जोड निखळला आणि माझ्या पुढ्यातून पाण्याची धार माझ्या डोक्याच्याही वर उडाली. वरून पाऊस, खालून टाकी. हेडमास्तर माझ्या खांद्यावर.

पावसात इतकी माणसं इतकी गप्प मी पाहिली नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं.

ही दारातून म्हणाली, दव.

मला बाहेर काढायला दोघं पुढे आले. बाई आल्या नाहीत. त्या धारेकडे बघत होत्या. मग टब उचलून निघून गेल्या. टब रिकामाच होता, तो भरायचंही त्यांना सुचलं नाही.

२५ ऑगस्ट

पाऊस सुरूच. प्लंबरने लाइन नीट केली. जोडाला गुंडाळलेली टेप त्याने दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. टेप हलक्या प्रतीची होती, हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

टाकी संध्याकाळीही काठोकाठ. बाईंचं कनेक्शन चष्मेवाल्यांनी स्वतः उभं राहून जोडून घेतलं. मी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. वाचायच्या आधीच मंजूर झाला. एकमताने.

गल्लीत आता सगळ्यांच्याच परसात बेडूक आहेत. लोक एकमेकांना हाका मारून दाखवतात. माझ्याकडे दाखवायला फक्त खड्डा.

ही सांगत होती, बाई हॉस्पिटलमध्ये जाऊन आल्या. काम दुसऱ्याला दिलं, वर्षभराचा करार झाला. मुलीला अजून कळवलेलं नाही.

२७ ऑगस्ट

माफी मागायची. आज. मनाशी वाक्यं ठरवली. पहिल्यांदा ‘तांत्रिक दोषामुळे’ अशी सुरुवात होती, ती काढली. मग ‘परिस्थितीच अशी होती’ होतं, तेही काढलं. उरलं फार थोडं. तेवढं घोकत गेलो.

बाईंनी दार उघडलं. त्यांच्यामागे खोलीत मशीन बंद, दोऱ्या रिकाम्या. मी तोंड उघडलं. काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, कपडे द्यायचे आहेत का सर? आता घरगुतीच घेते.

मी म्हणालो, हो.

का म्हणालो माहीत नाही. घरी आलो. मळलेलं काहीच नव्हतं, हिने कालच सगळं पावसाच्या पाण्यात धुऊन काढलं होतं. मग कपाट उघडलं आणि शर्ट काढले, सगळे, लग्नाकार्यातलेही. हातात मावेनात एवढे. ही बघत होती. दार तेवढं उघडून धरलं.

बाईंनी गठ्ठा टेबलावर घेतला. वरचा शर्ट उलगडला, कॉलर पाहिली. दुसरा पाहिला. तिसरा. मग सगळ्यांच्या घड्या पुन्हा नीट करून गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, हे धुतलेलेच आहेत, सर. उगाच पाणी वाया जाईल.